स्क्रीन रेकॉर्डिंगची जिफ जड होते, अक्षरं फाटतात: तपासणी कुठून सुरू करावी

आधी लक्षणं. यातली एक जरी ओळखीची वाटली तर पुढचं वाचा.

दहा-बारा सेकंदांचं रेकॉर्डिंग व्हिडिओ म्हणून जेमतेम एक-दोन एमबी असतं आणि त्याची जिफ केली की पंचवीस-तीस एमबीवर जाते. पानाच्या पांढऱ्या भागात बारीक ठिपके वळवळत राहतात. शिरोरेषा मधेच तुटते, ‘मेंटेनन्स’चा अनुस्वार जातो, ‘पार्किंग’चं ‘पार्किग’ होतं. लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडा ओघळल्यासारख्या दिसतात. हलक्या छटेच्या बॅनरवर पट्टे उमटतात. जिफ मूळ रेकॉर्डिंगपेक्षा हळू चालते किंवा अडखळते. एकदा चालून थांबते, किंवा चालतच नाही, पहिलं चित्र दाखवून गप्प बसते. फोनवर उघडली की फोनच थबकतो.

मी मुंबईत हाउसिंग सोसायट्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी मदतीची पानं तयार करतो. बिल कसं काढायचं, पावती कशी नोंदवायची, सिंकिंग फंडाची रक्कम कुठे दाखवायची, असं एकेक काम एकेका जिफमध्ये. बघणारे असतात गिरगावातल्या जुन्या चाळीच्या सोसायटीचे सत्तरीतले सचिव, बोरिवलीच्या टॉवरच्या खजिनदार बाई, किंवा संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या फोन उघडणारे कमिटी मेंबर. त्यांना अक्षर वाचता आलं पाहिजे आणि फाइल मोबाईल डेटावर पटकन उघडली पाहिजे. नवीन माणूस कामावर आला की पहिल्या आठवड्यात वरच्या सगळ्या तक्रारी घेऊन तो माझ्याकडे येतो, म्हणून तपासणीचा क्रम आता पक्का झालाय. फुकट आणि सोपं ते आधी, वेळखाऊ ते शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. जिफ बिघडते ती बहुतेक वेळा रूपांतर करताना बिघडत नाही, त्याच्या आधी, रेकॉर्डिंगमध्येच बिघडलेली असते. लोक मात्र एकामागून एक कन्व्हर्टर बदलत बसतात.

असं का, ते थोडक्यात. जिफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये आणला आणि आपण आज वापरतो ती त्याची आवृत्ती १९८९ ची आहे. एका फ्रेमच्या पॅलेटमध्ये, म्हणजे तिच्या रंगांच्या यादीत, जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. पारदर्शकता आहे किंवा नाही, अर्धवट काही नाही. आवाज नाही. आणि मुख्य म्हणजे हालचाल या प्रकाराला कळतच नाही. व्हिडिओ ‘हा तुकडा इथून तिथे सरकला’ एवढंच लिहून ठेवू शकतो. जिफला त्या जागेचे सगळे पिक्सेल नव्याने लिहावे लागतात. त्यातून आकार कमी करायची तिची रीत आडव्या ओळीने चालते: एकसारखे रंग ओळीने आले, तोच क्रम पुन्हा पुन्हा आला, तर ते थोडक्यात बसतं. ओळीत जरा खडखड आली की बचत संपली. म्हणजे दर फ्रेमला बदलणारा प्रत्येक पिक्सेल तुमच्या फाइलमध्ये वजन घालतो, मग तो बदल डोळ्याला दिसो वा न दिसो.

पहिली तपासणी: इथे जिफ हवीच आहे का

हिला काही खर्च नाही आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. फाइल कुठे दाखवायची आहे ते आधी विचारा.

व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर जिफ करू नका, छोटा व्हिडिओ पाठवा. व्हॉट्सअॅपवर जिफ म्हणून जे फिरतं तेही आतून आवाज नसलेला छोटा व्हिडिओच असतं. तुम्ही मेहनतीने केलेली जिफ तिथे पुन्हा बदलली जाते आणि मेहनत वाया जाते. पीडीएफमध्ये घालायची असेल तर जिफ चालणार नाही, एकच स्थिर चित्र दिसेल. तिथे दोन-तीन स्क्रीनशॉट ओळीने लावलेले बरे. ईमेलमध्ये घालणार असाल तर आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्त्या, २००७ पासूनच्या, फक्त पहिली फ्रेम दाखवतात हे धरून चाला. म्हणजे पहिल्या फ्रेममध्ये कामाची गोष्ट दिसली पाहिजे, कोरं पान किंवा लॉगिनचा पडदा नको. ‘जिफ चालत नाही’ ही तक्रार ऑफिसातून आली की मी आधी आउटलुक विचारतो.

स्वतःची वेबसाइट असेल तर आवाज बंद असलेला, आपोआप सुरू होणारा आणि फिरत राहणारा एमपी४ व्हिडिओ जिफपेक्षा कितीतरी हलका पडतो आणि रंगही पूर्ण ठेवतो. अॅनिमेटेड वेबपी, म्हणजे चित्रांच्या एका नव्या प्रकारातलं हलतं चित्र, हा दुसरा चांगला पर्याय. सफारीने २०२० मध्ये वेबपी स्वीकारल्यापासून त्याला मुख्य ब्राउझरांत अडचण उरलेली नाही. जिफची खरी गरज उरते ती जिथे व्हिडिओ घालता येत नाही पण चित्र घालता येतं अशा ठिकाणी: मदत केंद्रांची जुनी सॉफ्टवेअरं, काही ईमेल, ऑफिसातल्या अंतर्गत नोंदी. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर कोड ठेवतात त्या साइटवर, चित्राला आणि जिफला १० एमबीची मर्यादा आहे, तीही लक्षात ठेवा.

दुसरी: हातात आलेलं रेकॉर्डिंग मूळचंच आहे ना

हे अर्ध्या मिनिटात कळतं. फाइल व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून आलेली असेल तर ती थांबवा आणि मूळ फाइल मागवा. तिथे व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान केला जातो. नंतर कुठल्याही टूलने गेलेली अक्षरं परत येत नाहीत. समोरच्याला एवढंच सांगायचं, ‘काका, तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा,’ किंवा ड्राइव्हवर टाकायला सांगायचं. डॉक्युमेंट म्हणून आलेली फाइल जशीच्या तशी येते.

दाबलेल्या व्हिडिओचं दुसरं नुकसान जास्त वाईट आहे, कारण ते दिसत नाही. कोरा पांढरा भाग तुम्हाला पांढराच दिसतो, पण व्हिडिओत त्याचा उजळपणा (२५५ म्हणजे पूर्ण पांढरा) कुठे २५५, कुठे २५४, कुठे २५३ असा डुलत असतो, आणि व्हिडिओची पूर्ण फ्रेम नव्याने आली की सगळा पडदा किंचित बदलतो. डोळ्याला काही नाही. जिफ बनवणाऱ्या टूलला मात्र अख्खं पान बदलल्यासारखं वाटतं. रिकाम्या पानाची जिफ जड का झाली, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

तिसरी: पडद्यावर काय काय हलतंय

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हीच लोक गाळतात. रेकॉर्डिंग उघडा आणि कर्सरकडे न बघता बाकीचा पडदा बघा. तुम्हाला दाखवायचं आहे ते एका बटणावरचं क्लिक. पण खाली कोपऱ्यात घड्याळाचा मिनिट बदललाय, ब्राउझरच्या टॅबवर चक्र फिरतंय, लिहायच्या चौकटीत उभी रेघ लुकलुकतेय, बाजूला जाहिरात सरकतेय, वर एखादी सूचना येऊन गेलीय.

त्यात एक खोच आहे. जिफमध्ये फ्रेम लिहिताना फक्त बदललेल्या भागाचा चौकोन लिहिता येतो, आणि चांगली टूलं तसंच करतात. पण चौकोन एकच असतो. वर डावीकडे रेघ लुकलुकली आणि त्याच क्षणी खाली उजवीकडे घड्याळ बदललं, तर दोघांना कवेत घेणारा चौकोन जवळपास अख्ख्या पडद्याएवढा होतो. आतले न बदललेले पिक्सेल पारदर्शक धरून भार कमी करता येतो, पण प्रत्येक टूल ते करतंच असं नाही.

म्हणून रेकॉर्ड करण्याआधी: फक्त लागणारी खिडकी किंवा तिचा तुकडा निवडा, टास्कबार बाहेर ठेवा. फोनवर आणि संगणकावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. पान पूर्ण लोड होऊ द्या, मगच रेकॉर्डिंग सुरू करा. पान सरकवायचं असेल तर हळूहळू गुळगुळीत सरकवू नका, कारण सरकताना सगळेच पिक्सेल बदलतात आणि हळू सरकवलं तर तितक्या जास्त फ्रेममध्ये बदलतात. पेज-डाउन दाबून एका झटक्यात खाली या. त्याहून चांगलं म्हणजे सरकवायची वेळच येणार नाही अशी मांडणी करा. मेनू उघडताना येणारी मऊ हालचालही बंद करता येते: विंडोजच्या सेटिंगमध्ये अॅनिमेशन बंद करायची सोय आहे, मॅकवर आणि फोनवरही हालचाल कमी करण्याची आहे. कर्सर सरळ रेषेत न्या, बटणापाशी थांबवा, मग क्लिक करा. घिरट्या घालणारा कर्सर वजनही वाढवतो आणि बघणाऱ्याला भंडावतोही.

याच टप्प्यावर आणखी एक बघा, आणि त्यात हयगय नको. पडद्यावर खऱ्या माणसांची माहिती आहे का? आमच्या कामात तर प्रत्येक पडद्यावर फ्लॅट नंबर, नाव आणि थकबाकी असते. एखाद्याची थकबाकी मदतीच्या पानावरून सोसायटीच्या ग्रुपवर फिरली तर ते भांडण पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत चालेल, आणि त्या माणसाला झालेला मनस्ताप परत घेता येणार नाही. रेकॉर्डिंगसाठी ‘सभासद १’, ‘सभासद २’ अशी नमुन्याची सोसायटी वेगळी करून ठेवा. नंतर धूसर करत बसण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि धूसर भागाच्या छटा पॅलेटमधली जागा खातात ते वेगळंच. खरी माहिती असलेलं रेकॉर्डिंग कुठल्याही ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. ती फाइल कोणाच्या सर्व्हरवर किती दिवस राहील ते तुमच्या हातात नाही.

चौथी: लांबी

सुरुवातीचं ‘थांबा, आता सुरू करतो’ आणि शेवटचं ‘स्टॉप’ बटणाकडे धावणं कापा. एका जिफमध्ये एकच काम. पाच ते आठ सेकंद पुरतात. जिफला थांबवायचं बटण नसतं, त्यामुळे लांब जिफमध्ये ज्याचं मधलं पाऊल सुटलं त्याला पूर्ण फेरी संपेपर्यंत वाट बघावी लागते. वेबच्या सुगम्यतेचे नियमही पाच सेकंदांहून जास्त आपोआप हलणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय मागतात. शेवटची फ्रेम मात्र दोन सेकंद धरून ठेवा, म्हणजे ‘पावती जतन झाली’ हे वाचता येतं. धरून ठेवलेल्या फ्रेमला वजन पडत नाही, तिची फक्त वेळ वाढते.

पाचवी: मोजमाप, आणि देवनागरीचं दुखणं

हिशेब करून बघा. १९२० बाय १०८० चा पडदा, सेकंदाला ३० फ्रेम, २० सेकंद: ६०० फ्रेम आणि एकूण १२४ कोटींहून जास्त पिक्सेल. तेच काम ८०० बाय ४५० मध्ये, सेकंदाला १० फ्रेम, ८ सेकंद: ८० फ्रेम आणि २ कोटी ८८ लाख पिक्सेल. कुठलंही टूल न बदलता त्रेचाळीसपट फरक. फोन थबकतो त्याचंही मूळ इथेच आहे. फाइल आकाराने लहान असली तरी दाखवताना प्रत्येक पिक्सेलला साधारण चार बाइट लागतात, म्हणजे मोठ्या पडद्याची एकेक फ्रेम मेमरीत आठ एमबीवर जाते.

पण नुसतं लहान करून भागत नाही, आणि इथे इंग्रजीसाठी लिहिलेले सल्ले आपल्याला पुरत नाहीत. रोमन अक्षर थोडं पुसट झालं तरी शब्दाच्या आकारावरून वाचता येतं. देवनागरीत अनुस्वार हा एक-दोन पिक्सेलचा ठिपका असतो, रफार एवढासा असतो, आणि शिरोरेषा एक पिक्सेल जाडीची असू शकते. चित्र १९२० वरून ८०० वर आणलं की प्रमाण २.४ येतं. एक पिक्सेलची शिरोरेषा त्यात अर्धी या ओळीत, अर्धी त्या ओळीत वाटली जाते आणि काळीचं करडं होतं. मग २५६ रंगांत बसवताना ते करडं कधी पांढऱ्याकडे जातं, कधी काळ्याकडे, आणि रेषा तुटक दिसते.

यावर माझा उपाय ठरलेला आहे: लहान करायची वेळच येऊ देऊ नका. ब्राउझरची खिडकी रेकॉर्ड करण्याआधीच ८०० पिक्सेल रुंदीची करा, झूम १२५ किंवा १५० टक्के ठेवा म्हणजे अक्षर मोठं येईल, आणि तेवढाच भाग जसाच्या तसा रेकॉर्ड करा. पडदा दाटीवाटीचा असेल तर पूर्ण पडदा दाखवायचा मोह सोडा आणि ज्या कोपऱ्यात काम आहे तोच कापून घ्या. लहान करणं टळतच नसेल तर पूर्ण पटीत करा: १९२० चे ९६०, मॅकच्या रेटिना पडद्यावरचे १६०० चे ८००, फोनवरचे १०८० चे ३६०. एफएफएमपेग, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं व्हिडिओचं टूल, वापरत असाल तर लहान करायची पद्धत ‘लँक्झोस’ निवडा, तिने कडा धारदार राहतात.

तपासायला एक खूण ठेवा. तयार जिफमधली एक फ्रेम थांबवून फोनवर हातभर अंतरावरून ‘मेंटेनन्स’, ‘पार्किंग’, ‘वर्गणी’ वाचून बघा. दोन अनुस्वार आणि दोन रफार शाबूत असतील तर बाकीचं अक्षर शाबूतच असतं.

सहावी: फ्रेमचा वेग

जिफमध्ये फ्रेमची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात, आणि तीही पूर्ण आकड्यात. सेकंदाला १० फ्रेम म्हणजे १० भाग, २० म्हणजे ५ भाग, २५ म्हणजे ४ भाग. ३० फ्रेम नेमक्या बसतच नाहीत, कारण ३.३३ लिहिता येत नाही. १५ ही नाही. मग टूल कुठे सहा, कुठे सात असं वाटून देतं आणि चाल अडखळते. ६० फ्रेमची जिफ करायला गेलात तर आकडा एकवर येऊ शकतो, आणि एक किंवा शून्य दिसलं की ब्राउझर ती वेळ थेट दहा भाग धरतात. झटपट चालावी म्हणून केलेली जिफ रांगायला लागते ती यामुळे.

फॉर्म, क्लिक, मेनू यांना सेकंदाला १० फ्रेम पुरतात. काही ओढून दुसरीकडे सोडायचं असेल तर २०. त्यापुढे मी जात नाही. फोनचं रेकॉर्डिंग बहुधा बदलत्या वेगाचं असतं, पडदा स्थिर असताना कमी फ्रेम आणि हलताना जास्त. ते आधी एका ठरावीक वेगावर आणा, नाहीतर चाल मागेपुढे होते.

एकदा चालून थांबणाऱ्या जिफमध्ये फिरत राहण्याची नोंद राहून गेलेली असते. टूलमध्ये लूपचा आकडा शून्य करा. इथे शून्य म्हणजे अखंड.

सातवी: पॅलेट आणि ठिपके

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी ठिपके किंवा पट्टे दिसत असतील, तर आता टूलच्या आत जायचं. घाईने केलेल्या रूपांतरात पॅलेट एकतर ठरावीक असतं, नाहीतर तुमच्या पडद्याचे रंग न बघता बनवलेलं असतं. जो रंग पॅलेटमध्ये नाही तो दोन रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाकून भासवतात, त्याला डिदरिंग म्हणतात. फोटोला ते शोभतं. अक्षरांच्या पडद्यावर ते घात करतं. पांढऱ्या पानावर पडलेला ठिपका देवनागरीत अनुस्वार होऊन बसतो. ‘बिल’वर ठिपका पडून ‘बिंल’ झालेलं मी स्वतः बघितलंय. आणि आडव्या ओळीतली सलगता मोडल्याने फाइलही फुगते.

एफएफएमपेगमध्ये हे काम दोन फेऱ्यांत करतात. ‘पॅलेटजेन’ हा फिल्टर आधी सगळं रेकॉर्डिंग बघून रंग निवडतो, मग ‘पॅलेटयूज’ ते रंग लावतो. पडदा बराचसा स्थिर असेल तर पॅलेटजेनला ‘डिफ’ पद्धत सांगा, म्हणजे जे बदलतं त्याच्या रंगांना प्राधान्य मिळतं. साध्या पडद्यासाठी डिदरिंग पूर्ण बंद ठेवा. छटांचं बॅनर किंवा आलेख असेल आणि पट्टे खुपत असतील तर ‘बायर’ पद्धत निवडा. तिचा ठिपक्यांचा साचा जागेवर स्थिर राहतो, त्यामुळे तो फ्रेमागणिक वळवळत नाही. तिला ० ते ५ असं प्रमाण देता येतं. आकडा वाढवला की ठिपके कमी दिसतात आणि पट्टे जास्त. मी ३ पासून सुरू करतो. चूक पुढच्या पिक्सेलवर ढकलत जाणाऱ्या बाकीच्या पद्धती, फ्लॉइड-स्टाइनबर्ग किंवा सिएरा, एका चित्राला सुंदर असतात, पण हलत्या चित्रात पांढऱ्या भागातली वळवळ त्यांच्यामुळेच येते. त्याच वापरायच्या असतील तर पॅलेटयूजला ‘रेक्टँगल’ सांगा, म्हणजे ठिपक्यांची उलथापालथ बदललेल्या चौकोनापुरतीच राहील.

आज्ञा टाइप करायची सवय नसेल तर विंडोजवर स्क्रीनटूगिफ हे मोफत टूल घ्या. ते पडदा थेट फ्रेममध्ये टिपतं, मधे व्हिडिओ येतच नाही, त्यामुळे पांढऱ्याचं डुलणं मुळातच टळतं. त्याच्या संपादकात एकसारख्या फ्रेम काढून टाकायची सोय आहे, ती जरूर वापरा. गिफस्की नावाचं टूल रंगांच्या बाबतीत फार छान आहे. वेगवेगळ्या फ्रेमचे रंग एकमेकांत मिसळून ते २५६ च्या पलीकडचा भास देतं. पण त्याची किंमत आकारात मोजावी लागते. फॉर्म आणि तक्त्यांसाठी मी ते घेत नाही. एखाद्या नकाशाची किंवा फोटो असलेल्या पडद्याची जिफ हवीच असेल तर घेतो.

विंडोजवर आणखी एक बारीक गोष्ट आहे. क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरं गुळगुळीत दाखवायची विंडोजची सोय, चालू असताना काळ्या अक्षरांच्या कडांना लालसर-निळसर छटा असतात. नुसत्या डोळ्याने त्या दिसत नाहीत, पण झूम करून बघा. या छटा पॅलेटमधली जागा अडवतात आणि मोठी करून बघितलेल्या जिफमध्ये रंगीत किनार म्हणून उठून दिसतात. रेकॉर्डिंगपुरतं क्लिअरटाइप बंद केलं की कडा करड्या होतात आणि एवढी साधी स्क्रीन ६४ रंगांतही छान बसते.

आठवी: तयार जिफला शेवटचा हात

गिफसिकल हे टूल तयार जिफ घेऊन तिच्यातला फाफटपसारा काढतं. तिसऱ्या पातळीचं ऑप्टिमायझेशन लावायला काहीच हरकत नाही, त्याने चित्र बदलत नाही. त्यातली ‘लॉसी’ सोय मात्र जपून वापरायची. ३० पासून सुरुवात करा आणि ८० च्या वर जाऊ नका. ती आडव्या ओळींत सारखेपणा आणून जागा वाचवते, म्हणून फार वाढवली की आडव्या रेघोट्या येतात, आणि शिरोरेषा शेजारच्या शब्दाला जाऊन चिकटते. मराठी पडद्यावर हे खपवून घेऊ नका.

नववी: पुन्हा रेकॉर्ड करा

लाल-निळ्या अक्षरांच्या कडा ओघळल्या असतील तर वरची एकही तपासणी उपयोगाची नाही. नेहमीच्या एमपी४ रेकॉर्डिंगमध्ये उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवतात, पण रंग मात्र दोन बाय दोन अशा चार पिक्सेलना मिळून एकच ठेवतात. काळ्या अक्षराला त्याने फरक पडत नाही. पांढऱ्यावरचं लाल ‘थकबाकी’ मात्र फिस्कटतं. ते मुळातच गेलेलं आहे. थेट फ्रेम टिपणारं टूल घ्या, किंवा ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या टूलमध्ये रंगाचा प्रकार आय४४४ (यात रंगही प्रत्येक पिक्सेलचा वेगळा राहतो) करून, उच्च दर्जाने पुन्हा रेकॉर्ड करा. ओबीएस वापरताना फाइल एमपी४ ऐवजी एमकेव्ही स्वरूपात ठेवा. एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग नीट थांबवल्यावरच पूर्ण लिहिली जाते, त्यामुळे मधे लाइट गेली तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तोपर्यंतचं रेकॉर्डिंग हाती राहतं.

कुठे थांबायचं

पडद्यावर फोटो, व्हिडिओ, सतत सरकणारा नकाशा किंवा खेळ असेल आणि नऊही तपासण्या करून फाइल ठरलेल्या मर्यादेत बसत नसेल, तर जिफचा नाद सोडा. २५६ रंगांत ते बसणार नाही. वेबपी किंवा व्हिडिओ करा, आणि ज्या ठिकाणी ते लावता येत नाही तिथे तीन स्थिर चित्रं लावा.

तुमच्या संगणकावर जिफ स्वच्छ दिसते आणि वेबसाइटवर चढवली की खराब होते, असं असेल तर जिफला हात लावू नका. साइटच्या मागची यंत्रणा चित्रं पुन्हा दाबत असणार. ते साइट सांभाळणाऱ्या डेव्हलपरनेच बघायचं काम आहे, त्यांना मूळ फाइल आणि साइटवरून उतरवलेली फाइल अशा दोन्ही द्या.

ऑफिसच्या संगणकावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर आडवाटेने इन्स्टॉल करू नका, आयटीवाल्यांना सांगा. शेकडो रेकॉर्डिंग बदलायची असतील तर हाताने करत बसू नका. एफएफएमपेग जाणणारा माणूस छोटी स्क्रिप्ट लिहून देईल, आणि तेवढे पैसे मोजणं परवडतं. जाहिरातीसाठी किंवा नव्या उत्पादनाच्या पानासाठी देखणं अॅनिमेशन हवं असेल तर रेकॉर्डिंगच्या मागे न लागता मोशन डिझायनरकडे जा.

एकुलतं एक रेकॉर्डिंग उघडतच नसेल आणि ते पुन्हा करता येण्यासारखं नसेल, म्हणजे एखादी ऑनलाइन सभा किंवा एकदाच दिसलेला बिघाड, तर त्या डिस्कवर किंवा मेमरी कार्डवर नवीन काहीही लिहू नका. मोफत दुरुस्ती टूलं एकामागून एक चालवू नका, निदान मूळ फाइलवर तरी नाही. तिची प्रत काढता येत असेल तर आधी प्रत काढा. मग डेटा रिकव्हरीवाला गाठा. लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या भागात असे लोक मिळतील, पण काम देण्याआधी फाइल न मिळाल्यास किती आकारणार आणि आतली माहिती कोण बघणार हे विचारून घ्या.

यापैकी कोणाकडेही जाताना चार गोष्टी लिहून न्या: मूळ रेकॉर्डिंगची न दाबलेली फाइल, ती कुठे दाखवायची आहे, जास्तीत जास्त किती एमबी चालेल, आणि दिसताना किती रुंद दिसेल. मराठी मजकूर असेल तर पाचवीही जोडा. ज्या फ्रेममध्ये अनुस्वार गेलाय त्या फ्रेमचं चित्र काढून, तिथे गोल करून द्या. मराठी न वाचणाऱ्या तंत्रज्ञाला तो ठिपका कचरा वाटू शकतो.